गॅस भरण्यापासून मोजण्यापर्यंत: आमची वाटचाल

आमची फर्म लहान आहे. ऑफिसं, हॉस्पिटलं, हॉटेलं, शाळा, कारखान्यांच्या कंट्रोल रूम अशा इमारतींमधल्या हवा थंड आणि गरम करणाऱ्या यंत्रणा आम्ही सांभाळतो. देखभाल, दुरुस्ती, आणि यंत्र थकलं की बदली. घरगुती एसीची कामं घेत नाही. ओळखीतून आलेली तेवढी अपवाद, आणि ओळखी काही संपत नाहीत.

मी आणि माझा भागीदार, दोघंही आधी दुसऱ्यांकडे टेक्निशियन होतो. स्वतःचं सुरू केलं तेव्हा आमच्याकडे गेजचा सेट, नळ्यांमधली हवा ओढून काढणारा एक व्हॅक्यूम पंप, ब्रेझिंगची (तांब्याच्या नळ्या तापवून जोडायची) टॉर्च आणि क्लॅम्प मीटर एवढीच हत्यारं होती. कामही ठरलेलं: फोन येणार, 'थंड होत नाहीये, गॅस कमी झालाय, येऊन भरून द्या.' रोगाचं निदान आणि औषध दोन्ही गिऱ्हाइकानंच ठरवलेलं असायचं. आम्ही फक्त सिलिंडर घेऊन जायचं.

या गॅस भरण्याच्या धंद्यात पैसा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. दर उन्हाळ्यात तेच यंत्र, तीच तक्रार, तेच बिल. पण रेफ्रिजरंट, म्हणजे हा थंड करणारा गॅस, गाडीतलं पेट्रोल नव्हे. तो वापरून संपत नाही, बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठून तरी गळतोय: फ्लेअर नट ढिला आहे, सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन गेली आहे, कॉइलला सुईच्या टोकाएवढं भोक पडलंय, नाहीतर दोन नळ्या एकमेकींवर घासून झिजल्यात. कधी कधी तर गॅस पुरेसा असतो आणि फिल्टर गच्च भरलेला असतो. ब्लोअरचा पट्टा घसरत असेल किंवा कॉइल मळलं असेल, तरी सक्शनचा, म्हणजे गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा, दाब खाली येतो. गेजवरचा तेवढा एक आकडा पाहून वर गॅस ओतणारा माणूस चांगल्या यंत्रात जास्तीचा गॅस भरून जातो. मग दुपारी ऊन वाढलं की यंत्र हाय प्रेशरवर ट्रिप, म्हणजे दाब जास्त झाला म्हणून आपोआप बंद.

म्हणून आम्ही ठरवलं, गळती सापडेपर्यंत गॅस भरायचा नाही. नायट्रोजनचा दाब द्यायचा, साबणाचं पाणी लावायचं, डिटेक्टर फिरवायचा, गळती बुजवायची, व्हॅक्यूम ओढायचा आणि मगच वजनकाट्यावर मोजून गॅस सोडायचा. तासाभराच्या कामाला दिवस लागायला लागला. काही गिऱ्हाइकं तेव्हाच तुटली, आणि त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या दुकानात माणसं घामाघूम झाली होती, आणि आम्ही साबणाचा फेस बघत बसलो होतो.

त्याच सुमारास आम्ही मायक्रॉन गेज घेतलं, म्हणजे फार कमी दाब मायक्रॉन या एककात मोजणारं उपकरण. जुन्या पद्धतीत पंप 'थोडा वेळ' चालवायचा आणि काटा खाली गेला की झालं म्हणायचं. वातावरणाचा दाब साधारण ७,६०,००० मायक्रॉन असतो आणि आपल्याला उतरायचं असतं ५०० मायक्रॉनच्या खाली. साध्या गेजचा काटा इतक्या खालचा फरक दाखवूच शकत नाही. पंप बंद केल्यावर आकडा किती वेगानं वर चढतो हेही बघायचं. थोडा चढून थांबला तर आत ओलावा आहे, चढतच राहिला तर गळती आहे. आर-२२ या जुन्या गॅसच्या यंत्रांमधलं मिनरल ऑइल थोडाफार ओलावा सोसायचं. आर-४१०ए या नंतरच्या गॅससोबत आलेलं सिंथेटिक तेल मात्र हवेतली ओल शोषून घेतं, मग आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरचं वाइंडिंग हळूहळू खातं. वर्षभरानं कॉम्प्रेसर जळतो तेव्हा त्या दिवशीच्या घाईची आठवण कुणालाच नसते.

पण फर्मला खरा आकार आला तो वहीमुळे. सुरुवातीला साधी वहीच होती, आता टॅबवर फॉर्म आहे, पण आमच्याकडे सगळे अजून वहीच म्हणतात. नियम असा: पाना लावण्याआधी आकडे लिहायचे. सक्शन आणि डिस्चार्जचा (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडतानाचा) दाब, सुपरहीट (गॅस उकळून झाल्यावर आणखी किती तापला), सबकूलिंग (द्रव झाल्यावर आणखी किती थंड झाला), येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याचं तापमान, प्रत्येक फेजचा करंट, बाहेरचं तापमान. काम झाल्यावर तेच आकडे पुन्हा. एका दिवसाच्या आकड्यांवरून फार काही कळत नाही. तीन उन्हाळ्यांचे आकडे शेजारी ठेवले की यंत्र कुठल्या दिशेनं चाललंय ते दिसतं.

एक उदाहरण सांगतो. पाण्यानं थंड होणारा एक चिलर, म्हणजे इमारतीसाठी पाणी गार करणारं मोठं यंत्र, भर दुपारी ट्रिप व्हायचा. कॉम्प्रेसर गेला, बदला, असं त्यांना आधीच सांगण्यात आलं होतं. आम्ही कंडेन्सरचा (जिथे गॅस उष्णता सोडून द्रव होतो त्या भागाचा) अप्रोच काढला, म्हणजे गॅस ज्या तापमानाला द्रव होतोय ते आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक. स्वच्छ ट्यूब असलेल्या चांगल्या कंडेन्सरमध्ये तो एक-दोन अंश असतो. इथे तो कितीतरी पुढे गेला होता. एंड कव्हर उघडलं तर ट्यूबमध्ये क्षारांचा पांढरा थर. ब्रश मारले, जिथे ब्रशनं निघेना तिथे केमिकल फिरवलं, आणि कॉम्प्रेसर आहे तोच ठेवून चिलर पूर्ण लोडवर चालला. कंडेन्सिंग तापमान एका अंशानं वाढलं की वीज ढोबळमानानं दोन-तीन टक्के जास्त लागते. त्यामुळे ट्रिप होण्याच्या कितीतरी आधीपासून तो थर त्यांच्या वीजबिलात बसलेला होता.

तिथूनच कंडेन्सरचं पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरकडे आमचं लक्ष गेलं. टॉवर छतावर असतो, तिथवर चढायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, म्हणून त्याची हेळसांड सर्वांत जास्त. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. ते घट्ट झालेलं पाणी वेळोवेळी सोडून दिलं नाही तर तेच कंडेन्सरमध्ये जाऊन बसतात. शिवाय कोमट, मळक्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जीवाणू वाढतो. १९७६ साली फिलाडेल्फियात एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली, माणसं दगावली, आणि त्यामागचा हा जीवाणू पुढच्या वर्षी सापडला. साधारण २० ते ४५ अंशांमधलं पाणी त्याला मानवतं. टॉवरचं पाणी नेमकं तिथेच असतं. पाण्यावरची प्रक्रिया तुम्ही करत नसाल आणि आम्हालाही करू देणार नसाल, तर टॉवरचा करार आम्ही घेत नाही. याबाबतीत आम्ही हट्टी आहोत.

वार्षिक देखभालीचे करार मिळू लागले तेव्हा नवाच प्रश्न समोर आला. वर्षाअखेरी नूतनीकरणाला गेलं की साहेब विचारायचे, 'वर्षभर काही बिघडलंच नाही, मग पैसे कसले देऊ?' सुरुवातीला आम्ही केलेल्या कामांची यादी पुढे ठेवायचो: फिल्टर धुतले, बेअरिंगला ग्रीस दिलं, टर्मिनल घट्ट केले. त्यानं कुणाचंच समाधान व्हायचं नाही. मग वहीतले आकडे दाखवायला लागलो. गेल्या वर्षी याच महिन्यात हा मोटर इतका करंट घेत होता, यंदा इतका घेतोय. पट्टा आणि पुली बदलली तिथे आकडा खाली आला, हा बघा. जमाखर्च सांभाळणाऱ्या माणसाला आकड्यांची भाषा पटकन कळते.

सुट्या भागांसकट सर्वसमावेशक करार मात्र जुन्या यंत्रांसाठी आम्ही बंद केले. अशा करारात कॉम्प्रेसर जगवण्यात आमचा फायदा असतो, आणि तो बदलायची वेळ आली तरी गिऱ्हाइकाला तसं सांगण्यात तोटा. ज्या सल्ल्यात आपलाच खिसा गुंतलेला आहे तो सल्ला देऊ नये, असं भागीदाराचं म्हणणं. मला ते आधी फार सोवळं वाटलं होतं. आता पटलंय.

मधल्या काळात आमच्या पायाखालून रेफ्रिजरंटच बदलत गेले. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं ओझोनला धोका देणाऱ्या वायूंवर बंधनं आणली. आम्ही ज्यावर हात बसवला तो आर-२२ त्यातूनच टप्प्याटप्प्यानं बाहेर पडत गेला. आर-४१०ए आला, त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक, म्हणून गेज, होज, रिकव्हरी सिलिंडर सगळं नवं. तो अंगवळणी पडतो न पडतो तोच त्याच करारातली २०१६ ची किगाली दुरुस्ती आली, तापमानवाढ करणारे गॅस कमी करण्यासाठी. आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नसला तरी त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट. त्याच्याऐवजी येणाऱ्या आर-३२ ची ६७५ पट, पण तो किंचित ज्वलनशील. म्हणजे पुन्हा नवं प्रशिक्षण, नवे डिटेक्टर, आणि टॉर्च पेटवण्याआधी नळ्यांमधला वायू पूर्ण काढून नायट्रोजन फिरवण्याची जास्तच कडक शिस्त. लहान फर्मला हे खर्च झेपवताना दम लागतो. तक्रार नाही, पण 'नवीन गॅस आला, आता तुमचे रेट का वाढले?' असं कुणी विचारलं की उत्तर लांबतं.

बदलीची कामं आम्ही उशिरा घ्यायला लागलो, आणि सगळ्यांत जास्त वाद तिथेच होतात. छतावरचं पॅकेज युनिट (सगळे भाग एकाच पेटीत असलेलं यंत्र) १५ एक वर्षं टिकतं, नीट सांभाळलेला पाण्यावरचा चिलर २० ते २५. ते संपलं की सोपा मार्ग म्हणजे जुन्या यंत्रावरची पट्टी वाचायची आणि तेवढ्याच टनाचं, किंवा 'जरा वरचं', नवं मागवायचं. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढून काढण्याची ताकद. जुनं यंत्र बसवलं तेव्हा त्या मजल्यावर ट्यूबलाइट होत्या, काचेच्या नळीचे मॉनिटर होते. आता एलईडी आहेत, लॅपटॉप आहेत, काचांवर फिल्म आहे. उष्णतेचा हिशेब नव्यानं मांडला की आकडा बऱ्याचदा खाली येतो. वाढतो तो सर्व्हर ठेवलेल्या खोलीत, आणि तिथे मूळ आराखड्यात कुणी एक डक्टसुद्धा सोडलेला नसतो.

मोठं यंत्र घेतलं तर बिघडलं कुठे, असं गिऱ्हाईक विचारतं. बिघडतं असं की ते खोली चटकन थंड करतं आणि बंद पडतं. कॉइलवर हवेतली ओल जमून वाहून जायला वेळच मिळत नाही. खोली गार, पण चिकट. माणसं थर्मोस्टॅट आणखी खाली ओढतात, आणि अंगावर स्वेटर घालून बसतात. विलिस कॅरिअरनं १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली ती मुळात हवेतली आर्द्रता आवरायला, कारण ओलीनं कागद ताणायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी आम्हाला येणाऱ्या तक्रारींत तापमानाइकतीच ओलही असते, फक्त लोक तिला 'कूलिंग बरोबर नाही' म्हणतात.

प्रत्यक्ष बदलीत अर्धी लढाई क्रेन, जिना आणि दरवाजा यांच्याशी. प्लांट रूम बांधताना चिलर आत ठेवून मग भिंत उभी केलेली असते, हे आम्ही इतक्यांदा पाहिलंय की आता आधी दाराचं माप घेतो आणि मग यंत्राचं कोटेशन काढतो.

गरम करण्याच्या बाजूचं काम आमच्याकडे कमी, पण जोखीम तिथे जास्त. बॉयलरच्या धुराचं विश्लेषण केल्याशिवाय आम्ही तो चालू करून निघत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणखी एक गोष्ट सतत आढळते. महागडा कंडेन्सिंग बॉयलर (धुरातली वाफ जमवून तिची उष्णताही वापरणारा) बसवलेला असतो, पण परत येणारं पाणी ६०-६५ अंशांचं. नैसर्गिक वायूच्या धुरातली वाफ जमायला ते साधारण ५५ च्या खाली यावं लागतं. ते येत नाही, म्हणून ज्या बचतीसाठी जादा पैसे मोजले ती होतच नाही. थंडी सौम्य असेल त्या दिवसांत सप्लायचं तापमान उतरवलं की बॉयलर आपल्या नावाला जागतो. त्याला नवा भाग लागत नाही, कंट्रोलरवरची दोन बटणं दाबावी लागतात.

आमच्याकडची पोरं शिकतात आणि जातात, मोठ्या कंपन्या त्यांना उचलतात. पूर्वी राग यायचा. आता त्यातलेच काही जण तिकडच्या साइटवरून आम्हाला फोन करतात, आणि त्यातून कामही येतं. नवीन मुलाला पहिले काही महिने आम्ही फक्त आकडे लिहायला लावतो आणि ब्रेझिंग करताना नळीतून नायट्रोजन सोडायला शिकवतो. तो सोडला नाही तर आत काळी खपली धरते आणि पुढे जाऊन गॅसचा प्रवाह आवरणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह चोंदवते. जो हे कुणी बघत नसतानाही करतो, तो टिकतो.

सध्या एका ऑफिस इमारतीच्या चिलरवरून आमची गिऱ्हाइकाशी ओढाताण चालू आहे. जुना एक मोठा आहे, त्यांना त्याच्या जागी तसाच एक मोठा हवा. वहीतले आकडे सांगतात की वर्षातला बहुतेक काळ तो अर्ध्या लोडच्याही खाली चालतो. आम्ही दोन मध्यम चिलर आणि पंपांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) सुचवलंय. पंपाचा वेग ८० टक्के केला की वीज निम्म्यावर येते, आणि एक चिलर दुरुस्तीला काढला तरी इमारत बंद पडत नाही. त्यांचं म्हणणं, दोनाला जागा जास्त लागते आणि सुरुवातीचा खर्च वाढतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पुढच्या आठवड्यात पुन्हा बैठक आहे. तोवर आमच्याकडचा एक मुलगा रोज दुपारी तिथे जाऊन आकडे घेतोय.