टिप्याचे कागद

पुण्याहून नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला पोहोचायला एक रात्र पुरते. आमच्या कुत्र्याला, टिप्याला, घेऊन तिथे पोहोचायला मला सहा महिने लागले. त्यातले बहुतेक दिवस नुसते वाट पाहण्यात गेले आणि त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. सांगायचे आहे ते एका लसीकरणाच्या कार्डाविषयी आणि त्यावरच्या दोन तारखांविषयी, कारण त्या तारखांचा क्रम उलटा असल्यामुळे आमचे घर पावणेतीन महिने दोन देशांत विभागले गेले.

टिप्या गावठी आहे. सात वर्षांपूर्वी कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी, भर पावसात, वॉचमनच्या खुर्चीखाली सापडलेले हे पांढरे पिल्लू. अंगावर काळे ठिपके, म्हणून मुलीने त्याचे नाव टिप्या ठेवले. २०२३ च्या सुरुवातीला पत्नीला आइंडहोव्हनमध्ये नोकरी मिळाली, तेव्हा टिप्याला कुणाकडे तरी ठेवून जाण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. त्या सल्ल्याचा विचार आमच्यापैकी कुणीही, एक दिवससुद्धा, केला नाही.

भारतातून युरोपीय संघाच्या देशात कुत्रा न्यायचा तर नियम मोजकेच आहेत, परंतु ते एकामागून एक, ठरलेल्या क्रमानेच पूर्ण व्हावे लागतात. आधी आंतरराष्ट्रीय मानकाची, पंधरा आकडी क्रमांकाची मायक्रोचिप कुत्र्याच्या कातडीखाली बसवायची, म्हणजे त्याची ओळख पटते. त्यानंतर रेबीजची लस. लसीनंतर किमान तीस दिवस गेल्यावर रक्त काढून, त्याचा सीरम वेगळा करून, युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलीटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरले पाहिजे. रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबायचे आणि मगच प्रवास करायचा. ज्या कुत्र्याला संसर्ग आधीच झालेला असेल त्याचा आजार त्या तीन महिन्यांत बाहेर पडावा, हा त्या थांबण्यामागचा हेतू आहे. चिप सर्वांत आधी का, याचे कारणही तितकेच साधे आहे. चिप नसलेल्या कुत्र्याला दिलेली लस नेमकी कोणत्या कुत्र्याला दिली हे कोणत्याही कागदाने सिद्ध होत नाही.

हे सगळे आज मला पाठ आहे. फेब्रुवारीत नव्हते. आम्ही ज्या दवाखान्यात टिप्याला नेहमी नेत होतो, तिथल्या डॉक्टरांनी "परदेशात पाठवायची कामं आम्ही नेहमी करतो" असे सांगितले आणि मी निश्चिंत झालो. टिप्याची वार्षिक लस १२ जानेवारीला झाली होती. २० फेब्रुवारीला त्यांनी त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जाड सुईने, तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली आणि त्याच बैठकीत चाचणीसाठी रक्तही काढले. चिपच्या पाकिटात तिच्या क्रमांकाचे बारकोड छापलेले सहा छोटे स्टिकर होते. एक कार्डावर चिकटवला, एक प्रयोगशाळेच्या अर्जावर. लसीनंतर तीस दिवस उलटून गेले होते, त्यामुळे सगळे सुरळीत आहे असे आम्ही धरून चाललो. २ जूनची तिकिटे काढली आणि घरमालकांना घर सोडण्याची नोटीसही देऊन टाकली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, तीन वर्षांपूर्वी आपली मांजर घेऊन तिकडे गेलेल्या माझ्या एका वर्गमित्राला मी सहज म्हणून कार्डाचा फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "अरे, लस जानेवारीतली आणि चिप फेब्रुवारीतली? ही लस ते धरणारच नाहीत. म्हणजे रक्ताचा रिपोर्टही धरणार नाहीत."

मी स्वयंपाकघरात उभा होतो आणि कार्ड ओट्यावर होते. सात वर्षे ते कार्ड मी सांभाळत होतो, पण त्यावरच्या तारखा एकमेकींशी ताडून कधी पाहिल्या नव्हत्या. ही माझी चूक आहे आणि ती मी दवाखान्यावर ढकलणार नाही. मात्र पुढे जे घडले त्याचा राग अजून माझ्या मनात आहे.

मी कार्ड घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी ते पाहिले, खिशातले पेन काढले आणि म्हणाले, "अहो, एवढं बारकाईनं कुणी बघत नाही. चिपची तारीख मागची टाकून देतो, काम होऊन जाईल." ते हे इतक्या सहजपणे म्हणाले की क्षणभर मलाही ते साधे काम वाटले. फेब्रुवारीच्या जागी जानेवारी लिहायचे, की आमची तिकिटे, घराची नोटीस, मुलीचा शाळाप्रवेश, सगळे जिथल्या तिथे राहणार होते. मी काही न बोलता कार्ड त्यांच्या हातातून परत घेतले.

मी चौथीत असताना गावी मला कुत्रा चावला होता. तो पिसाळलेला होता की नाही हे कळायच्या आधीच वाडीतल्या लोकांनी त्याला मारून टाकले आणि वडील मला रोज सायकलवरून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेऊ लागले. पोटात चौदा इंजेक्शने घेतलेली माझ्या वयाची माणसे गावोगाव सापडतील. सकाळी सायकलची घंटा वाजली की पोटात गोळा कसा उठायचा हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या आजाराविषयीच्या कागदावर खोटी तारीख घालायची कल्पना मला सहन झाली नाही. आणि ज्या डॉक्टरांकडे लोक विश्वासाने आपले जनावर घेऊन जातात, त्यांनी ती स्वतःहून सुचवावी, हे तर अजूनही सहन होत नाही.

दुसऱ्या दवाखान्यात १५ एप्रिलला टिप्याला नव्याने लस दिली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सुई हातात घेण्याआधी स्कॅनर फिरवून चिपचा क्रमांक वाचला आणि मग लसीच्या कुपीवरचे लेबल कार्डावर चिकटवले. हीच योग्य पद्धत आहे, हे त्या दिवशी प्रथम कळले. रक्त १८ मे रोजी काढले. मला त्यांनी ती काचेची नळी दाखवली होती. काही वेळाने तळाशी गडद लाल गोळा बसला आणि वर पिवळसर, पारदर्शक असा सीरम राहिला. तो बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळून परदेशी रवाना झाला. अर्जावर तिसरा स्टिकर लागला. आता १८ ऑगस्टच्या आधी टिप्याला तिकडे प्रवेश मिळणार नव्हता.

पत्नीने सुचवले की आपण तिघांनी जूनमध्ये जावे आणि टिप्याला नंतर एखाद्या एजंटामार्फत बोलवून घ्यावे. परंतु मालकाच्या प्रवासापासून पाच दिवसांच्या आत प्राण्याचा प्रवास झाला नाही, तर तो घरचा प्राणी म्हणून नव्हे, व्यापारी आयात म्हणून गणला जातो आणि त्याचे नियम आणखी कडक आहेत. मग मी मागे राहायचे ठरवले. २ जूनच्या रात्री मुंबईच्या विमानतळावर मुलगी आत जाताना मागे वळून म्हणाली, "बाबा, आता तरी तारखा नीट बघ." तिने ते रागाने म्हटले नव्हते आणि म्हणूनच ते जास्त लागले.

जून आणि जुलै असेच गेले. सामान निम्मे विकले गेले होते; उरलेल्या दोन खोल्यांत मी, टिप्या आणि त्याचा प्लॅस्टिकचा पिंजरा. पिंजरा त्याला उभे राहता, वळता आणि अंग पसरून झोपता येईल एवढा मोठा असावा लागतो, आणि प्रवासात गुंगीचे औषध देऊ नये असे डॉक्टर बजावून सांगतात. त्यामुळे सवय हाच एक उपाय उरतो. मी त्यात आईच्या हातची जुनी गोधडी अंथरली आणि त्याचे दोन्ही वेळचे जेवण आतच ठेवू लागलो. पहिले चार दिवस तो मान लांब करून खायचा, मागचे पाय मात्र बाहेरच. सहाव्या आठवड्यात तो दुपारी आपण होऊन आत जाऊन झोपू लागला.

२२ ऑगस्टला पहाटे आम्ही पुण्याहून निघालो. खंडाळ्याच्या घाटात धुके होते, पाऊस होता, आणि टिप्या मागच्या सीटवर दोनदा ओकला. मुंबईच्या अ‍ॅनिमल क्वारंटाईन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसच्या कार्यालयात, ज्याला सगळे एक्यूसीएस म्हणतात, आमची वेळ ठरलेली होती. केंद्र सरकारच्या या कार्यालयाच्या आरोग्य प्रमाणपत्रावरच कुत्रा युरोपात जाऊ शकतो आणि अधिकृत पशुवैद्याने ते दिल्यापासून दहा दिवसांच्या आत तिकडच्या विमानतळावर तपासणी व्हावी लागते. म्हणून हा सर्वांत महत्त्वाचा कागद सर्वांत शेवटी, सामान बांधून झाल्यावर हातात येतो.

बाकावर आमच्या शेजारी एक कुटुंब एक सोनेरी लॅब्रॅडोर घेऊन बसले होते. त्यांचा नंबर आमच्या आधी होता. ते पाच मिनिटांत बाहेर आले. लस आधी, चिप नंतर. आमचीच चूक, फक्त त्यांना ती प्रवासाच्या दोन दिवस आधी कळली होती. त्या बाई फाईल मांडीवर उघडी ठेवून पुन्हा पुन्हा तेच पान पाहत होत्या आणि त्यांचा मुलगा कुत्र्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभा होता. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि आमच्याकडे काय झाले, नव्याने किती दिवस लागतात, हे त्यांना एका कागदावर लिहून दिले. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो," एवढेच त्या म्हणाल्या. चिप बसवणाऱ्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर 'आधी चिप, मग लस' एवढे चार शब्द मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले पाहिजेत. हे त्या दिवशी मला फार तीव्रतेने वाटले आणि आजही वाटते.

मग आमचे नाव पुकारले. अधिकारी बाईंनी टिप्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खांद्यांच्या मधोमध स्कॅनर धरला. काही वाजले नाही. त्यांनी तो मानेकडे नेला, पुन्हा खाली आणला. पडद्यावर काहीच उमटेना. माझ्या तळहातांना घाम फुटला. टिप्या मात्र कुणी पाठ खाजवते आहे अशा समाधानाने उभा होता. "कधी कधी सरकते," असे म्हणत त्यांनी स्कॅनर डाव्या खांद्यावरून सावकाश, अगदी कातडीला टेकवून, कोपराच्या दिशेने नेला, आणि तेव्हा तो वाजला. पंधरा आकडे त्यांनी मोठ्याने वाचले. साहाय्यक ते कार्डावर ताडत होता, मग प्रयोगशाळेच्या अहवालावर, मग अर्जावर. मीही ते ओठांतल्या ओठांत म्हणत होतो, कारण सहा महिन्यांत तो क्रमांक मला स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ झाला होता.

"चिप कधीची?" बाईंनी विचारले.

"२० फेब्रुवारी."

"लस?"

"१५ एप्रिल. जानेवारीचीही आहे, पण ती चिपच्या आधीची."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. "रक्त?"

"१८ मे."

त्यांनी पेन्सिलीने तिन्ही तारखांवर एकेक बारीक खूण केली आणि म्हणाल्या, "छान. क्रमानं आहे सगळं." इतके साधे वाक्य ऐकून डोळ्यांत पाणी येईल असे मला वाटले नव्हते.

प्रमाणपत्र इंग्रजी आणि डच अशा दोन भाषांत होते. लागू नसलेल्या ओळी त्यांनी पट्टी लावून खोडल्या, प्रत्येक पानावर शिक्का मारला आणि सही निळ्या शाईने केली, कारण सहीचा रंग छपाईच्या रंगाहून वेगळा असावा लागतो. सही वाळेपर्यंत त्यांनी ते पान तसेच उघडे ठेवले.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. २४ तारखेच्या रात्री विमानतळावर पिंजरा तपासणीसाठी रिकामा करावा लागला, टिप्या तेवढा वेळ माझ्या कुशीत होता, आणि नंतर तो गोधडीवर जाऊन बसला तेव्हा दाराच्या जाळीतून त्याने माझी बोटे एकदा चाटली. विमानात मला झोप लागली नाही. दिलेले जेवण मी तसेच परत केले.

अ‍ॅमस्टरडॅमच्या स्खिफोल विमानतळावर सकाळी मी कागद घेऊन कस्टम्सच्या तपासणीला उभा राहिलो. तिथल्या अधिकाऱ्याने स्कॅनर फिरवायला घेतला तेव्हा मी त्याला आधीच डावा खांदा दाखवला. स्कॅनर पहिल्याच खेपेला वाजला. त्याने क्रमांक पाहिला आणि मग बोट ठेवून आधी चिपची तारीख वाचली, त्यानंतर लसीची, त्यानंतर रक्ताची. कोथरूडच्या दवाखान्यात जे कुणी बघत नाही असे मला सांगण्यात आले होते, ते त्याने सर्वांत आधी पाहिले. मग कागद परत दिले आणि आम्हाला जायला सांगितले. बाहेर पत्नी आणि मुलगी उभ्या होत्या. टिप्या मुलीला पाहून भुंकला नाही. तो जाळीच्या आत उभा राहून थरथरत राहिला आणि दार उघडल्यावर तिच्या पायांवर जाऊन आडवा पडला.

पुढच्या आठवड्यात आइंडहोव्हनच्या पशुवैद्यांनी त्याचा युरोपीय पासपोर्ट तयार केला, निळ्या रंगाची छोटी पुस्तिका. चिपच्या क्रमांकासाठी त्यात जागा होती. माझ्या पाकिटात चिपबरोबर आलेला सहावा, शेवटचा स्टिकर होता. तो मी मुलीच्या हातात दिला आणि तिने तो त्या चौकटीत, कडा जुळवून, अंगठ्याने घट्ट दाबून चिकटवला.