काओरचा पूल आणि त्याच्यावरचा सैतान

फ्रान्सच्या नैऋत्येला लॉत नदी काओर शहराला तिन्ही बाजूंनी वेढा घालून वाहते. स्टेशनवर उतरून थोडं चाललं की व्हालांत्रे पूल दिसतो, आणि पूल बघायला आलोय की किल्ला, असा प्रश्न पडतो. सहा टोकदार कमानी आणि त्यांच्यावर तीन चौकोनी मनोरे, पाण्यापासून जवळजवळ ४० मीटर उंच.

पायाभरणी १३०८ची, काम पूर्ण झालं १३७८ च्या सुमारास. इंग्रजांशी शंभर वर्षांचं युद्ध मधेच सुरू झालेलं, त्यामुळे एवढा बंदोबस्त. पण पुलावर हल्ला असा कधी झालाच नाही. नवारचा राजा आंरी (हाच पुढे फ्रान्सचा राजा चौथा आंरी झाला) याने १५८० मध्ये शहर जिंकलं, तेव्हाही हा पूल वाचला.

मी बराच वेळ काठावरून खांबच न्याहाळत होते. प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडे प्रत्येक खांबाला धारदार टोक काढलंय. पुराचं पाणी त्यावर फुटतं आणि दोन्हीकडून निघून जातं. कमानी जिथून सुरू होतात तिथे खांबांत भोकं दिसतात. बांधकामाच्या वेळी परांचीची लाकडं त्यांत बसवलेली असायची. काम संपलं तरी ती बुजवली नाहीत, म्हणून आज आपल्याला गवंड्यांची पद्धत कळते.

आता सैतानाची गोष्ट. काम रेंगाळलं म्हणून मुख्य कारागिराने सैतानाशी करार केला: सांगेन ते काम कर, बदल्यात माझा आत्मा घे. काम संपत आल्यावर त्याने सैतानाला मजुरांसाठी पाणी आणायला सांगितलं, तेही चाळणीतून! हरलेला सैतान मग चिडून रोज रात्री मधल्या मनोऱ्याचा एक दगड पळवू लागला. १८७९ मध्ये वास्तुविशारद पोल गूने जीर्णोद्धार पुरा केला, तेव्हा त्याच मनोऱ्यावर दगड उपटायला झटणारा छोटासा सैतान कोरून बसवला गेला. वर मान करून शोधावा लागतो. कोपऱ्याला बिलगलाय, बोटं दगडाच्या फटीत. जुन्या वास्तूत नवी भर घालायला माझा एरवी विरोध असतो, पण इथे मला ती मनापासून आवडली. दुरुस्ती करणाऱ्यांनी गावाची गोष्टही जपली.

या पुलाला १८४० पासून ऐतिहासिक स्मारक म्हणून संरक्षण आहे. काओरचे बाकीचे मध्ययुगीन पूल पाडले गेले, हा राहिला. आता वाहनांना बंदी आहे. स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या वाटेवरचे यात्रेकरू पाठीवर पिशव्या घेऊन इथूनच पलीकडे जातात. तुम्हीही पलीकडे जाच. पुलाची पूर्ण लांबी आणि मागे शहर, असं एका नजरेत त्या काठावरूनच दिसतं.