तिसरा फलक: लाखेने केलेला घात

इंदूरच्या बंद पडलेल्या हुकुमचंद कापड मिलवर मी चित्रफलक करते आहे; त्यांतला तिसरा ‘जवळजवळ पूर्ण’ असल्याचे मागील नोंदीत मी लिहिले होते. रविवारी सकाळी त्यावरील साचेखात्याच्या, म्हणजे मिलच्या विणकाम विभागाच्या, जुन्या समूहचित्रातील सात चेहरे माझ्या अंगठ्याला चिकटून निघून आले. प्रतिमा उतरवण्यात चूक नव्हती. लेझर छपाईची उलटी प्रत, जेल मिडियमचा (ॲक्रिलिकच्या दाट लेपाचा) एकसारखा थर, रात्रभर वाळवण आणि मग ओल्या स्पंजाने कागद चोळून काढणे, हे सारे ठरल्याप्रमाणे झाले होते. वाळल्यावर उमटणारी कागदाच्या तंतूंची पांढुरकी साय तर या वेळी तीन धुण्यांतच गेली, याचे समाधान मला अजूनही आहे.

बिघाडाचे मूळ गंजात होते. चित्रातल्या मिलच्या चिमणीसाठी लोहामंडीतून, म्हणजे लोखंडाच्या बाजारातून, आणलेला लोखंडाचा कीस मी व्हिनेगर आणि मीठ घालून प्लायवर लावला होता. रंग अप्रतिम आला, पण आठवड्याभरात तो ॲक्रिलिकच्या थराखालून सरकत कामगारांच्या सदऱ्यांपर्यंत पोहोचला. खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारले, तरी तो थांबेना, कारण मीठ हवेतील ओल ओढून घेते आणि ॲक्रिलिक ती पुरती अडवत नाही. अखेर फर्निचर पॉलिशवाल्यांचा उपाय म्हणून चपडा लाख (पातळ पापड्यांच्या रूपातली लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे दोन हात दिले. लाख ओल अडवते हे खरे; परंतु स्पिरिट वाळलेल्या ॲक्रिलिकलाही मऊ करते, हे ठाऊक असूनही मी घाईत विसरले. ‘कशावरही लावा’ असे सांगणाऱ्या दुकानदाराकडून यापुढे मी फक्त ब्रश घेईन, तेही केस ओढून पाहून.

त्यानंतर चार तुकड्यांवर क्रम उलटा करून पाहिला: आधी गंज, मग सोडा, स्वच्छ पाणी, पूर्ण वाळवण, लाख आणि सर्वांत शेवटी जेल. मेण न काढलेल्या लाखेवर जेलचा पापुद्रा सालीसारखा सुटला; मेण काढलेल्या लाखेवर, घासकागदाचा हलका हात फिरवल्यावर, तो घट्ट बसला. महाग असली, तरी आता तीच लाख वापरायची.

हे लिहिता लिहिता मात्र प्लायवरचाच विश्वास उडत चालला आहे. ज्या मिलमध्ये कापड विणले जात होते, तिचे चित्र कोऱ्या मांजरपाटावर का करू नये? कापडाच्या घड्यांत लोखंडी तार ठेवून व्हिनेगरमध्ये भिजवली, तर गंजाच्या रेषा कायमच्या उमटतील; मध्य प्रदेशातल्या बाघ गावच्या ठसेछपाईप्रमाणे आधी हिरड्यात बुडवलेल्या भागावर त्याच रेषा काळ्या येतील. मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये सुटला, म्हणून घड्या बत्तीस. जेलचा थर घडीवर तडकतो, त्यामुळे घड्या उलगडून इस्त्री केल्यानंतरच चेहरे उतरवावे लागतील. प्लायचा फलक तसाच भिंतीला टेकवून ठेवते; त्यावर उरलेला एक चेहरा फार सुंदर आला आहे.

अर्धे कापड हिरड्यात भिजत घातले आहे. घरात सापडलेली तार मात्र जस्ताचा मुलामा दिलेली निघाली, ती इतक्यात गंजणार नाही. उद्या पुन्हा लोहामंडी.