चुलतभावाचा हिस्सा घेतला, त्याची गोष्ट

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण वडिलोपार्जित घरातला एकाचाच हिस्सा विकत घेता येतो का, हे मला आता दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. येतो. आपला हिस्सा विकायला बाकीच्यांच्या सह्या लागत नाहीत. पण हिस्सा किती, आणि विकणारा तेवढ्याचा मालक आहे का, तिथे सगळी गोम आहे.

आमचं घर आजोबांनी बांधलेलं, तीन मुलगे, म्हणून चुलतभाऊ म्हणाला माझा तिसरा हिस्सा घेऊन टाक, प्रॉपर्टी कार्डावर काकांच्या जागी त्याचंच नाव होतं, मी इसार द्यायलाही निघालो होतो. वकीलबाईंनी एकच विचारलं, "त्याला बहीण आहे का हो?" आहे की! वारसनोंदीत तिचं नाव कोणी घातलंच नव्हतं, आणि कार्डावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही. म्हणजे त्याचा हिस्सा तिसरा नाही, सहावा. वर हिंदू वारसा कायदा 1956, कलम 22, भाऊ विकत असेल तर घ्यायचा पहिला मान तिचा, मी फक्त चुलत.

मग ताईकडे गेलो. तिला घ्यायचं नव्हतं, पण "विचारायला आलास, एवढंच पुरे" म्हणाली आणि खरेदीखतावर संमती देणारी म्हणून सही केली. किंमत निम्मी झाल्यामुळे भाऊ मात्र फुगलाय तो फुगलाच.

आणि मला वाटत होतं माडीवरची खोली माझी झाली. बाईंनी मसुद्यातून ते वाक्यच उडवलं, म्हणाल्या वाटणी होईपर्यंत खोली बिली काही नाही, तुम्ही अपूर्णांक घेताय, जिन्याखालच्या अडगळीचासुद्धा सहावा भाग.

तरी मी घरातला. बाहेरचा माणूस असेल तर राहत्या घरात त्याला सामाईक ताबा मागता येत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 44), वाटणीचा दावा लावला तर 1893 च्या वाटणी कायद्याने घरचाच कोणी कोर्ट ठरवेल त्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतो. असे हिस्से स्वस्तात मिळतात ते उगाच नाही.

माडीला कुलूप अजून भावाचंच आहे. किल्ली ताईकडे असते.