घोणस, काचेची नळी आणि उंटाची अँटिबॉडी

कापूस वेचताना काकांना घोणस चावली, त्याला चार वर्षं झाली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचं रक्त कोऱ्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. मग नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. ती नळी अजून डोळ्यांपुढून जात नाही.

सर्पदंशाची लस लावली आणि थोड्या वेळात काकांच्या अंगभर गांधी उठल्या, धाप लागली. ॲड्रेनालिन देऊन लस थांबवली, नंतर हळूहळू पुन्हा चालू केली. काका वाचले ते त्याच लसीमुळे. पण ती घोड्याच्या रक्तातून काढतात, आणि घोड्याची प्रथिनं काहींच्या अंगाला सोसत नाहीत.

आता मी संभाजीनगरात घोणशीच्या विषावर चालेल अशा नॅनोबॉडीवर काम करते. दिवाळीनंतर आमच्या शिवारात मेंढ्यांच्या कळपामागं उंट यायचे, त्यांच्या रक्तात असं काही असेल हे कुणाच्या मनात आलं असतं? अँटिबॉडी म्हणजे अंगात शिरलेल्या परक्या गोष्टीला चिकटणारं प्रथिन; घोड्याच्या लसीत काम करतात त्या अँटिबॉडीच. आपल्या अँटिबॉडीत दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. उंटाच्या काही अँटिबॉडींत हलक्या साखळ्या नसतातच. ब्रसेल्समधल्या हॅमर्स यांच्या गटानं हे १९९३ साली छापलं. त्या अँटिबॉडीचं टोक तेवढं घेतलं की झाली नॅनोबॉडी: वजन १५ किलोडाल्टन, अख्ख्या अँटिबॉडीचा दहावा हिस्सा. विषातल्या एन्झाइमच्या खोबणीत ती शिरू शकते, आणि साध्या ई. कोलाय जिवाणूत बनवता येते.

माझं निम्मं काम धुण्याचं. प्लेटच्या खळग्यांत विष चिकटवायचं, मोकळी जागा दुधाच्या पावडरीनं झाकायची, वर वेगवेगळ्या नॅनोबॉडी अंगावर वागवणारे फाज, म्हणजे जिवाणूंत वाढणारे विषाणू, ओतायचे. चिकटणार नाहीत ते धुऊन टाकायचे, चिकटलेले सोडवून वाढवायचे, की पुन्हा तेच. गेल्या महिन्यात तिसऱ्या फेरीनंतर खळगे छान पिवळे झाले, म्हणजे फाज चिकटले होते. तपासलं तर बरेचसे विषाला नव्हे, दुधालाच चिकटलेले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तरी वाट खरी आहे. कॅप्लासिझुमॅब या नॅनोबॉडी औषधाला युरोपात २०१८ साली मंजुरी मिळाली, रक्ताच्या गुठळ्यांच्या एका दुर्मीळ आजारासाठी. २०२५ मध्ये डेन्मार्कच्या गटानं आफ्रिकेतले नाग आणि मांबा या विषारी सापांसाठी आठ नॅनोबॉडींचं मिश्रण केलं. आपली घोणस त्यात नाही.

काका फोनवर विचारतात, "पोरी, अजून किती दिस?" वर्षं लागतील, हे मी त्यांना सांगितलंय. एवढीशी नॅनोबॉडी मूत्रपिंडातून लवकर निघून जाते, त्यामुळे ती रक्तात टिकवायचंही काम आहे. सोमवारी नव्या प्लेटा लावतेय, या वेळी दुधाशिवाय.