बेरीज

वर्षभर पार्किंगवरून तक्रारींची पत्रं लिहिणाऱ्या शेजाऱ्यांनाच आज चेअरमनकाकांनी कमिटीत घेतलं. मीटिंगमध्ये सगळे अवाक्.

जिना उतरताना विचारलं, "काका, हे काय?"

"अगं, बाहेर ठेवला की पत्र लिहितो, आत घेतला की सही करतो. यशवंतरावांचं बेरजेचं राजकारण!"

मी हसले खरी, पण कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही ते वाक्य डोक्यातून जाईना.

यशवंतराव चव्हाणांनी शेकापची, म्हणजे विरोधातल्या शेतकरी कामगार पक्षाची, माणसं काँग्रेसमध्ये आणली, हे खरंच. त्यामुळे विरोधी बाजू पोकळ झाली, हा आरोपही जुनाच. (माझे आजोबा तर चिडायचेच.) पण त्याच माणसाच्या कारकिर्दीत, १९६२ साली, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. शाळा, रस्ते, दवाखाने असल्या कामांचा अधिकार मुंबईच्या सचिवालयातून थोडा का होईना, गावाकडे गेला. माणसं जोडली, तशी सत्ताही वाटली.

काकांनी माणूस जोडला. पार्किंगचं रजिस्टर मात्र अजून त्यांच्याच कपाटात आणि किल्ली शर्टाच्या खिशात.

आता पत्र कोण लिहिणार?