एवढा धीर कुठून आणता?

मी हातानं शिवलेली कापडी पक्ष्यांची माळ असो, कोपऱ्यात चार फुलं भरलेला रुमाल असो, हातात घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "एवढा धीर कुठून आणता हो?" कौतुकानं विचारतात, म्हणून मी आजवर हसून वेळ मारून नेली. पण आता पुन्हा तुम्ही विचारलंत, तर खरं सांगते. धीर माझ्याकडे नाही. लिफ्ट यायला उशीर झाला की मी जिन्यानं निघणारी बाई आहे. गुंतलेला दोरा सोडवत बसणंही मला जमत नाही, कात्री लावून मोकळी होते.

झालं असं, की सुईदोऱ्याच्या कामात जिथे जिथे धीर लागतो त्या जागा मी एकेक करून काढून टाकत गेले.

त्यातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे दोऱ्याची लांबी. सुरुवातीला मी हात पसरून हातभरापेक्षाही लांब दोरा घ्यायची, कारण पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा. एकदा हिशेब मांडला आणि लाज वाटली. समजा साधा धावदोरा घालताय, दर 3 मिलिमीटरला सुई एकदा कापडातून जाते आणि दर वेळी उरलेला सगळा दोरा ओढून घ्यावा लागतो. दोरा 45 सेंटिमीटरचा असेल तर तो संपेपर्यंत हातानं ओढलेला दोरा भरतो साधारण 34 मीटर. दोरा दुप्पट, म्हणजे 90 सेंटिमीटरचा घेतला तर तोच आकडा 135 मीटरवर जातो. दुप्पट नाही, चौपट! तीच शिवण 45 च्या दोन तुकड्यांत केली असती तर 68 मीटरमध्ये भागलं असतं. म्हणजे एकदा ओवायचं वाचवायला मी 67 मीटर जास्तीचा दोरा ओढत होते, आणि वर मान दुखते म्हणून कुरकुरत होते. शिवाय सुईजवळचा भाग प्रत्येक भोकातून घासत जातो, तो विरतो, त्याला लव सुटते, आणि लव सुटलेला दोरा गुंततो. आता बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत मोजते आणि तोडते. फार झालं तर चार बोटं जास्त.

दुसरी जागा पीळ. दोरा मुळात पिळूनच बनवलेला असतो. टाका घालताना सुई बोटांत नकळत थोडी फिरते, दर टाक्याला एकाच दिशेनं. काहींच्या हाताला पीळ वाढतो, काहींच्या हाताला सुटतो. वाढलेला पीळ मोकळा व्हायला बघतो, दोऱ्याला आपोआप वेटोळं पडतं, पुढचा टाका त्या वेटोळ्यातून जातो आणि बसली गाठ. आपल्याला वाटतं हात वाईट. दोष हाताचा नसतो, साठलेल्या पिळाचा असतो. दहा-बारा टाके झाले की कापड उचलून सुई खाली लोंबती सोडायची. ती गरागरा फिरते, थांबते. झालं. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर कितीतरी दोरा वाचला असता.

भरतकामाच्या लडीचंही तेच. तो दोरा बहुधा सहा पदरी असतो आणि सहाच्या सहा पदर क्वचितच लागतात. नाजूक रेघेला एक-दोन, भरीव पानाला तीन. दोन हवेत म्हणून दोन एकदम ओढले की उरलेल्यांचा गुंता ठरलेला. टोकाशी चिमटीत धरून एकच पदर सरळ वर ओढा. बाकीचे खाली चुरगळून गोळा होतात, बघून छातीत धस्स होतं, पण तो पदर सुटला की पुन्हा सरळ होतात. मग दुसरा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून ओवा. असे सुटे करून जोडलेले पदर कापडावर चपटे बसतात, पान जास्त भरलेलं दिसतं.

सुईबद्दल थोडक्यात. हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. शिवणयंत्राच्या सुईचं बरोबर उलटं. हे कुणी असं का ठरवलं असेल देव जाणे, मला मात्र त्यानं एकदा चांगलंच फसवलंय. आणि नेढ्यात दोरा जात नसेल तर सुई उलटी फिरवून बघा. बऱ्याच सुयांचं नेढं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे एक बाजू जरा जास्त गुळगुळीत असते.

माळेतले ते पक्षी म्हणाल, तर त्यात माझी हुशारी कमी आणि फेल्टची जास्त. फेल्ट विणलेलं नसतं, त्याचे तंतू एकमेकांत दाबून बसवलेले असतात, त्यामुळे कापलेल्या कडेचे दोरे निघत नाहीत. कड दुमडायला नको, उलटवायला नको. दोन आकार कापा, कडेनं काजाचा टाका (बटणाच्या काजाभोवती घालतात तो) घाला, पोटाशी दोन बोटं जागा सोडा, तिथून भरा आणि शिवून टाका. भरताना मात्र चिमूटचिमूटच घ्या आणि आधी चोच, मग शेपटी, पोट सगळ्यात शेवटी. मूठभर एकदम कोंबलं की पक्ष्याला गाठी येतात. साधा कापूस धुतल्यावर गोळा होतो, म्हणून धुवायच्या वस्तूत मी पॉलिएस्टरचाच भरते.

लाल दोऱ्याचं एक दुःख आहे, तेही सांगून टाकते. पांढऱ्या कापडावर लाल फुलं भरली, हौसेनं धुतलं, आणि पाकळ्यांभोवती गुलाबी ढग. तेव्हापासून गडद दोऱ्याचं टोक आधी ओलं करून पांढऱ्या चिंधीवर दाबून बघते.

एवढं करूनही एक जागा उरतेच: उसवणं. चूक तीन ओळी मागे आहे हे कळल्यावर परत जाणं मला आजही होत नाही. मी तिथे वर एक पान भरते. माझ्या कामात फुलांच्या मानानं पानं फार दिसतात, असंही तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं. त्याचं उत्तर हेच.